सत्कारमूर्ती पळाले!

सत्काराची वेळ सकाळी दहाची होती. म्हणजे पाहुणे बाराच्या आत येत नाहीत, हे पिंपळगाव बसवंतात शेंबडं पोरगंही सांगेल. खो-खोच्या संघाला मैदानावर पाठवून ‘तासाभरात आलोच’ म्हणणाऱ्या गोरक्ष सरांना मात्र ते सुचलं नाही. पाहुणे आले आणि थेट माइकला चिकटले.

“कॉलेजात पंधराशे मीटरला अख्ख्या विद्यापीठात पहिला! मनात आणलं असतं तर कुठल्या कुठं गेला असता. पण गावच्याच शाळेत राहिला. पोरींना खेळायला शिकवलं. रक्तदान असो, नाला साफ करायचा असो, सर पुढं!”

सर व्यासपीठावर अवघडून बसले होते. डोक्याला फेटा, गळ्यात गुडघ्यापर्यंत हार आणि अंगात बायकोने हौसेने शिवून घेतलेला नवा झब्बा. तेवढ्यात फोन आला. संघाची कर्णधार वेदिका रडवेली झाली होती.

“सर, कुठं आहात? फायनल लागली आपली. पंच म्हणतात, प्रशिक्षक नसला तर संघ बाद!”

या पोरी कधी नव्हे त्या फायनलला पोचल्या होत्या. वेदिकाच्या घरी तर ‘आता खेळ पुरे’ असं आधीच ठरलं होतं. आज जिंकली तरच वडील ऐकणार होते.

सरांनी पाहुण्यांना करंगळी दाखवली आणि ते खाली उतरले. बाहेर त्यांच्या स्कूटरला पाहुण्यांच्या गाड्यांनी गराडा घातला होता. सरांनी आपल्या दुखऱ्या गुडघ्याला मनातल्या मनात हात जोडले आणि ते पळत सुटले.

कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात लग्न होतं. मुहूर्त टळत आला होता आणि वरात अजून डीजेपुढे नाचत होती. फाटकाशी ताटकळलेल्या खंडेराव मामांचा, म्हणजे नवरीच्या मामांचा, पारा चढला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत एक फेटा, एक हार आणि एक झब्बा फाटकात न वळता सरळ पुढे निघून गेला.

“नवरदेव पळाला! धरा, धरा त्याला!”

सर मागून पंचविशीचे दिसत, पुढून पन्नाशीचे. मामांनी त्यांना मागूनच पाहिलं. झालं! मामा, दोन करवल्या, हातात झारा घेतलेला आचारी, सगळं फाटकच सरांमागे धावलं.

“जावईबापू, थांबा! मानपानाचं काय राह्यलं आसंल तर बोला!”

सरांनी काही नीट ऐकलं नाही. त्यांना वाटलं, सत्कार समितीच आली. आता सापडलो तर आभारप्रदर्शनापर्यंत सुटका नाही.

“सोडा मला! माझ्या पोरी वाट बघतायत!”

“अगं बाई, ह्याला पोरी पन हायेत!” एक करवली किंचाळली.

मग तर मंडळी चवताळली. सरांच्या गुडघ्यातून कळा येत होत्या, हायवेच्या पुलाखाली बसावंसं वाटत होतं, पण मागचा गलका बसू देईना. ते मैदानात शिरले तेव्हा पंच संघाच्या नावावर काट मारायला पेन उघडत होते.

“मी... प्रशिक्षक!”

“सर आले!” पोरींनी एकच कल्ला केला. तेवढ्यात मामांनी मागून सरांचा झब्बा धरला, त्यांना वळवलं आणि त्यांच्या पांढऱ्या मिशा पाहून ते थिजले.

“आयला! हा तर माझ्याच वयाचा हाय!”

हकीकत कळल्यावर मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सरांनी मात्र त्यांचे दोन्ही हात धरले.

“मामा, तुम्ही मागं लागला नसता तर मी पुलाखालीच बसलो असतो. या पोरी न खेळताच घरी गेल्या असत्या. लय उपकार झाले.”

मैदानात वेदिका पहिल्याच गड्यावर झेपावली. करवल्या लग्न विसरून टाळ्या पिटू लागल्या. मामा मातीत बसून धापा टाकत होते, तोच त्यांच्या बहिणीचा फोन आला.

“दादा, नवरदेव दारात उभाय आन् ववाळायला कुनी नाय! व्याही रुसून बसलेत!”

मामा उठले, दोन पावलं चालले आणि पुन्हा बसले. मग त्यांनी सरांकडे केविलवाणं पाहिलं.

“सर, उपकार फेडायचे आसतील तर आत्ताच फेडा. आता तुम्ही लागा माझ्या मागं, नायतर मी काय मांडवात पोचत नाय!”