भिंतीचं म्हणणं

"भांडण कितीही जुनं असू द्या, एका चहात मिटवतो!" असं नीलकंठराव गल्लीभर सांगत सुटले होते. संरक्षण कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी सामुदायिक मध्यस्थाचं सरकारी प्रशिक्षण घेतलं होतं. कोर्टाची पायरी न चढता, वकिलाचं तोंड न पाहता, मोहल्ल्यातलं भांडण मोहल्ल्यातच मिटवायचं अशी ती सोय. गळ्यात ओळखपत्र काय आलं, त्यांची चालच बदलली. भाजी आणायलासुद्धा ते ओळखपत्र घालूनच जायचे!

"आधी आपलं पंख्याचं भांडण मिटवा," त्यांच्या बायको मनीषाबाई म्हणाल्या.

"त्यात मी स्वतः पक्षकार आहे. नियमात बसत नाही."

आणि पहिलंच प्रकरण आलं ते बापू ठवकरांच्या घरचं. घर एक, सुना दोन, आणि मधोमध नवी भिंत. थोरली हर्षा भिंतीच्या अलीकडे, धाकटी दीपा पलीकडे. दोघींचे नवरे शहाणे. एकाने रेल्वेत आणि दुसऱ्याने रिछाईच्या कारखान्यात संध्याकाळची ड्यूटी मागून घेतली होती. सासरे बापू एक महिना इकडे जेवत, एक महिना तिकडे.

तक्रार ऐकून मात्र नीलकंठरावांचा हात ओळखपत्रावर गेला. रोज दिवेलागणीला भिंतीतून आवाज यायचा. ठक, ठक... मग जरा थांबून, ठक. अगदी खलबत्त्यात आलं ठेचल्यासारखा! असंच थांबून थांबून आलं ठेचायच्या त्या नर्मदाबाई, दोघींच्या सासूबाई. आणि त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

"ही दीपाच करून राहिली काका!" हर्षा म्हणाली. "मी भिऊन घर सोडावं म्हणून. चलो, सोडते! माझा हिस्सा विकते अन् पनागरला राहायला जाते."

"विकूनच दाखवा वहिनी! मी कोर्टात जाते," दीपा कडाडली. "ठोकता तुम्ही अन् नाव माझं?"

बापू काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. अर्धं घर परक्याला गेलं तर त्यांनी कुठे जायचं, हे दोघींपैकी कोणीच बोलत नव्हतं. नीलकंठरावांना म्हाताऱ्याची फार दया आली.

मग त्यांनी आपला आवडता नियम काढला. प्रत्येक पक्षाचं म्हणणं एकांतात ऐकायचं. बाकीच्यांनी बाहेर जायचं, दार लोटून घ्यायचं. आणि जे ऐकलं ते मध्यस्थाच्या पोटात! इकडचं तिकडे नाही. "नियम म्हणजे नियम! पक्षकार कोणीही असो, त्याचं ऐकल्याशिवाय मी उठत नाही," ते छाती काढून म्हणाले. हे वाक्य त्यांना पुढे चांगलंच महागात पडणार होतं.

आधी हर्षा आली. दार लागताच रडायलाच लागली.

"काका, सुरुवातीला मीच ठोकत होती. लाटण्याने. आईंची तुळस तिने आपल्या बाजूला ओढून घेतली, राग नाही येणार? पण दिवाळीपासून बंद केलं, तुळशीची शपथ! आता ती करून राहिली."

नीलकंठराव गालात हसले. अर्धं काम फत्ते! मग दीपाला बोलावलं.

"कोणाला सांगू नका हं काका," दीपा कुजबुजली. "मी वरवंटा ठोकायची. वहिनी मला चोर म्हणाल्या, म्हणून. पण दिवाळीच्या दिव्यांत आईंचा फोटो पाहिला अन् लाज वाटली मला. तेव्हापासून हात नाही लावला वरवंट्याला."

नीलकंठरावांचं हसू गालातच वाळलं. हिने दिवाळीपासून बंद केलं. तिनेही दिवाळीपासून बंद केलं. मग दिवाळीनंतर ठोकतंय कोण?

तेवढ्यात बाहेर अंधारून आलं आणि भिंतीतून आवाज आला. ठक, ठक... ठक.

अख्ख्या जबलपुरात ही गोष्ट एकट्या नीलकंठरावांना कळली होती, आणि सांगायची मात्र कोणालाच सोय नव्हती! ते "उद्या बसू" म्हणाले आणि निघाले ते चौकात आल्यावरच थांबले. जेवताना ते भिंतीपासून लांब सरकून बसले.

"काय झालं जी? तोंड काहून असं?" मनीषाबाईंनी विचारलं.

"गोपनीय आहे."

"अच्छा! म्हणजे घाबरले."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले, तर बापूंनीच हात धरला. "नीलकंठ, मले पण एकांतात बोलायचं आहे."

दार लागलं. बापूंनी काठी उचलून समोर धरली.

"मीच ठोकून राहिलो बाबा. या काठीनं. पोरींनी ठोकणं बंद केलं अन् घर मसणासारखं गप झालं. आवाज आला की दोघी भिऊन ओसरीवर येतात, जवळजवळ बसतात. तेवढा वेळ मले घर एक वाटते."

नीलकंठरावांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी म्हाताऱ्याला मिठीच मारायची बाकी ठेवली! डोळेही भरून आले. "आणि नर्मदावहिनींचा खलबत्ता कुठे आहे?"

"तो? तो तर तिच्या अस्थींसंगे तिलवारा घाटावर नर्मदेत सोडला."

आता काय, गड सर! नीलकंठरावांनी तिघांना हर्षाकडे समोर बसवलं. कोणाचं गुपित न फोडता त्यांनी पहिलं कलम वाचलं, "यापुढे कोणीही भिंतीवर ठोकणार नाही." तिघांनी इतक्या घाईने माना डोलावल्या की हसूच यावं. मग भिंतीत दार पाडायचं ठरलं, तुळस त्या दारात यायची ठरली. हर्षा हिस्सा विकणार नव्हती, दीपा कोर्टात जाणार नव्हती. बापू दोन्हीकडे मोकळे फिरणार होते. सह्या झाल्या. हर्षा नाक पुसत म्हणाली, "दीपा, चहा ठेव बाई," आणि दीपा ठेवायला गेलीसुद्धा!

"पाहिलंत?" नीलकंठराव बशीत चहा ओतत म्हणाले. "एका चहात!"

दिवेलागण झाली होती. हर्षाच्या हातात कप होता, दीपाच्या हातात कप होता, बापूंच्या दोन्ही हातांत बशी होती आणि काठी पार दाराशी उभी होती.

ठक, ठक... ठक.

हर्षाने दीपाच्या हातांकडे पाहिलं, दीपाने हर्षाच्या. बापूंनी काठीकडे पाहिलं. भिंतीजवळून ताज्या ठेचलेल्या आल्याचा वास आला, इतका झणझणीत की नाकात चढला.

मग तिघांनीही नीलकंठरावांकडे पाहिलं.

बापूंनी बशी सावकाश खाली ठेवली. त्यांचा चेहरा भ्यालेला नव्हता, उलट कितीतरी दिवसांनी उजळला होता. "नीलकंठ," ते हळूच म्हणाले, "एक पक्षकार राहून गेली ना. तिचं पण ऐकून घे. एकांतात."

"अहो बापू, ते... तसं..."

"नियम म्हणजे नियम! तूच म्हणाला." बापू उठले. दोन्ही सुना त्यांच्या दोन्ही हातांना धरून बाहेर गेल्या, आणि हर्षाने नियमाप्रमाणे दार ओढून घेतलं.

आत नीलकंठराव आणि भिंत. बाहेर तिघांना ऐकू आलं ते एवढंच, "न-नमस्कार वहिनी. मी सरकारी... म्हणजे, घाबरू नका." मग ठक. मग पुन्हा, जरा रागावल्यासारखं, ठक ठक ठक!

दार उघडलं. नीलकंठराव पिठात लोळल्यासारखे पांढरे पडले होते आणि ओळखपत्र उलटं होऊन पाठीवर गेलं होतं.

"समझोत्यात एक कलम वाढवावं लागेल," ते कसेबसे म्हणाले. "चहात आलं ठेचून टाकायचं. किसून नाही."

दोघी जावांनी चटकन एकमेकींचे हात धरले. किसणी दोघींच्याही घरात होती. बापू मात्र डोळे पुसत हसायला लागले.

"काका," दीपाने दबक्या आवाजात विचारलं, "आत कोण बोललं तुमच्याशी?"

नीलकंठरावांनी चपला शोधल्या. एकच सापडली, तीच पायात घालून ते निघाले.

"ते गोपनीय आहे!"