नाना लिनक्सचे दात बघतात

कॉम्प्युटर सुरू करण्याआधी आमचे भानुनाना त्याच्या डब्यावर एक थाप मारतात. "बिचकत न्हाय," असा निर्वाळा देतात आणि मगच बटण दाबतात.

नाना ईट गावातले आमचे शेजारी. उभ्या जन्मात त्यांनी एकच विद्या केली, बैलाची पारख. कुणाला जोडी घ्यायची असली की नानांना आधी बाजारात नेत. आता घरोघरी ट्रॅक्टर आले आणि नाना ओट्यावर बसले. सोबतीला लेकीनं दिलेला जुना कॉम्प्युटर. तोही अडखळू लागला, नव्या विंडोजचा भार त्याला पेलेना. लेक म्हणाली, "नाना, तो भंगारात द्या, मी नवा पाठवते." नाना तडक माझ्याकडे आले, कारण मी शाळेत कॉम्प्युटर शिकवतो.

"विंडोज काढून लिनक्स टाकू," मी म्हणालो. "जुन्या मशिनवरही चालतं. फक्त त्यात जाती फार आहेत."

"जाती?" नाना सावरून बसले. तिथंच माझं चुकलं.

पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघायचं, पसंत पडलं तरच मशिनमध्ये बसवायचं, हे ऐकून तर ते खूशच झाले. "म्हंजी चार दिस औताला धरून बघायचं! लई इमानी येव्हार हाय."

त्या जातींपैकी आधी उबंटू लावलं. त्याची बटणांची पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला. "ह्यो डाव्या अंगाला वढतोय." नापास! फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते म्हटल्यावर, "अजून दात बदलतोय, वासरू हाय." मिंट मात्र मनात भरलं. "गरीब हाय. कुणीबी धरावा." आणि प्रत्येकाच्या वेळी शेवटी डब्याकडे बघत एकच प्रश्न, "आपल्या म्हाताऱ्याला झेपंल न्हवं?"

चौथ्या दिवशी सकाळीच नाना दारात, चेहरा उतरलेला. बैलांच्या खोडी ओळखायच्या कशा, यावर त्यांनी चार पानं टाइप केली होती. मशीन बंद केलं आणि सगळं गेलं. पेनड्राइव्हवर असं चालवताना केलेलं काम टिकत नाही, हे सांगायचं मीच विसरलो होतो.

"मास्तर, बैल परत गेला तरी नांगरलेलं रान ऱ्हातंच की!"

मी त्यांच्या घरी जाऊन मिंट पक्कं बसवायला घेतलं. मध्येच पडद्यावर प्रश्न आला. "नाना, मशिनला नाव काय द्यायचं?"

नाना म्हणाले, "पाखऱ्या."

पाखऱ्या हा नानांचा शेवटचा बैल. म्हातारा झाला, तेव्हा घरादारानं विकायला लावला होता. मी तेच नाव टाकलं. थोड्या वेळानं मशीन नव्यानं सुरू झालं, न अडखळता.

या वेळी नानांनी थाप मारली नाही. डब्यावर नुसता हात ठेवला.

"तवा समद्यांचं ऐकलं म्या," ते म्हणाले. "आता पोरीला फोन लावा, मास्तर. म्हणावं, नवा नगं."