दंडाची पावती

माझे ओमानमधल्या रुवीतले शेजारी बनसोडे यांना दंड झाला की आनंद व्हायचा. सिग्नल तोडल्याचा असो की लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिल्याचा, पावती घडी न घालता फायलीत जायची. "दंड म्हणजे पुरावा," ते सांगत. "माणूस तिथं होता याचा." त्यांना जाऊन आता वर्ष झालं.

हे खूळ त्यांच्या आजीचं. लातूरकडच्या गावात आजी-आजोबांनी गायरान फोडलं. गायरान म्हणजे गावच्या गुरांना चरायला ठेवलेला सरकारी माळ, नुसता दगड. आजीनं पाच उन्हाळे दगड वेचले. गावानं दोनदा उभं पीक उपटलं, तिनं तिसऱ्यांदा पेरलं. तलाठी दरसाल अतिक्रमणाचा दंड करी. पुढेमागे जमीन नावावर व्हायची, तर त्याच पावत्या दाखवायच्या होत्या. एका वर्षी तलाठी फिरकलाच नाही, तेव्हा आजी चालत त्याच्या दारात गेली. "औंदा दंड का केला न्हाई? आमी काय मेलो व्हय?"

ही गोष्ट बनसोडे सगळ्यांना सांगत. रुसैलच्या कारखान्यातल्या ओमानी मालकालासुद्धा. तो हसून म्हणे, "खलास, बनसोडे. यल्ला, मशीन." म्हणजे पुरे, चला कामाला. ऐकायची नाही ती त्यांची बारा वर्षांची स्नेहल. "पप्पा, नॉट अगेन." तिचा जन्म इथलाच. कुणी गाव विचारलं की ती बिल्डिंगचा नंबर सांगायची. आम्ही हसायचो, बनसोडे हसत नसत.

"व्हिसा संपला की आपण जाणार," ते एकदा मला म्हणाले. "मग हिनं आपण कुठली म्हणून सांगायचं?"

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात त्यांनी बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत ज्वारी पेरली. दगड स्नेहलला वेचायला लावले. ती कुरकुरत वेचायची. ज्वारी कमरेला लागली आणि नगरपालिकेचा माणूस आला.

"ये किसका है?"

गॅलरीतली सगळी डोकी आत गेली. बनसोडे चपला न घालताच खाली धावले. मागून स्नेहल आणि मी.

"मेरा है. फाइन लिखो."

"पहली बार है, माफ. काट दो, बस."

"नहीं नहीं, माफ नहीं चलेगा. कागज दो."

तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. मी 'लिहून टाका' अशी मान हलवली. शेवटी त्यानं ताकीद लिहायला कागद काढला. "नाम?"

बनसोडे थांबले. मग मला म्हणाले, "दगड सगळे आजीनं वेचले, अन् पावत्या सगळ्या आजोबांच्या नावावर." त्यांनी स्नेहलला पुढं केलं. "इसका लिखो."

तो माणूस हसला, पण नाव त्याला काही केल्या लिहिता येईना. तेव्हा स्नेहलनं त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि शाळेत शिकलेल्या अरबीत स्वतःच लिहिलं. बनसोड्यांना ती लिपी येत नव्हती.

"वाच," ते म्हणाले.

"स्नेहल बनसोडे," तिनं वाचलं. पेन तिनं अजून परत दिलं नव्हतं. "पप्पा, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट ऐकत होतो, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. नगरपालिकेचा माणूस कागद धरून थांबला.

"गिरजा," ते म्हणाले. "गिरजाबाई."