छेदाच्या मानाने विश्रांती

शस्त्रक्रिया कितपत मोठी झाली हे छेदाच्या लांबीवरून ठरतं. हे तत्त्व वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात नसलं तरी प्रत्येक सुसंस्कृत घरात पाळलं जातं, आणि आमचं घर सुसंस्कृत आहे. आत्याची गर्भाशयाची पिशवी काढली तेव्हा छेद चांगला वीतभर होता. म्हणून आत्या दीड महिना पलंगावर होती आणि तिला पाणीसुद्धा हातात मिळत होतं. थोरल्या काकांच्या अपेंडिक्सचा छेद दोन बोटांचा. त्यांना आठवडा मंजूर झाला. (काकांनी तीन आठवडे काढले. पण पुरुषांचं माप वेगळ्या पट्टीने घेतात.)

आमच्या हिच्या पिशवीत गाठी झाल्या होत्या. दर महिन्याला इतकं रक्त जायचं की ओट्याला धरून उभी राहायची आणि भाजी परतता परतता मधेच डोळे मिटायची. आम्हाला वाटायचं, वाफ लागते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पिशवी काढायलाच सांगितली आणि दोन पर्याय दिले: पोट उघडून, किंवा रोबोच्या मदतीने. मी सुशिक्षित माणूस आहे. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय मी साधी छत्रीही घेत नाही.

तर फायदे. पोटाला फक्त चार भोकं, प्रत्येक शर्टाच्या गुंडीएवढं. रक्त कमी जातं, दुखणं कमी, पेशंट लवकर घरी. रोबोचा हात थरथरत नाही, मनगट हवं तसं वळतं, आणि मधेच तो कुणाचा फोन घेत नाही. खुद्द डॉक्टरीणबाई खोलीच्या कोपऱ्यात एका खोक्यात डोकं घालून बसतात आणि तिथून ते हात चालवतात. आतलं सगळं त्यांना दहापट मोठं दिसतं. (आमच्या घराण्यात बायकोच्या दुखण्याकडे इतकं बारकाईने कुणी बघण्याची ही पहिलीच वेळ.)

आता तोटे. खर्च जास्त. यंत्र मांडायलाच बराच वेळ जातो. अडचण आली तर शेवटी पोट उघडावंच लागतं. आणि रोबोला स्पर्श कळत नाही. आपण किती जोराने ओढतोय हे त्याला जाणवत नाही. हा शेवटचा तोटा मी फारसा मनावर घेतला नाही. आमच्यापैकी कुणालाच ते कधी जाणवलेलं नाही, तरी संसार उत्तम चाललाय.

मग विश्रांतीचा हिशेब केला. चारही भोकं एकापुढे एक मांडली तर जेमतेम दोन बोटं भरत होती, म्हणजे आठवडा. त्यातून ‘पेशंटला लवकर बरं वाटतं’ हा फायदा वजा जाता तीन दिवस उरले. आईने मोठ्या मनाने चौथ्या दिवसाची सकाळही दिली.

हा हिशेब मी दवाखान्यात सांगितला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, काहीतरीच काय! सहा आठवडे वजन उचलायचं नाही. बाहेरची भोकं लहान असली तरी आत पिशवी कापलेलीच असते ना?” मी मान डोलावली. पण आतलं कुणाला दिसतंय? न दिसणाऱ्या गोष्टींवर घर चालवता येत नाही.

तेवढ्यात ही बोलली. “डॉक्टर, माझं पोट फाडूनच करा ना.”

“का हो? बायका तर छेद दिसू नये म्हणून हट्ट धरतात.”

“मला दिसायला हवा. आत्यांना होता तसा, वीतभर.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आमच्याकडे छेद मोजून झोपू देतात हो. मी फार दमलेय.”

हिला यंत्राची भीती वाटते, असा खुलासा मी हसून केला. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, “ऑपरेशन रोबोनेच करू. बाकीचं माझ्यावर सोडा.”

ऑपरेशन झालं आणि ही घरी आली ती बरगड्यांपासून मांड्यांपर्यंत पट्ट्यात गुंडाळलेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पट्टा सहा आठवडे काढायचा नाही, आणि सोडायचीच वेळ आली तर आत फक्त बायकांनी बघायचं. पट्ट्याची रुंदी मी नजरेनेच मोजली. पावणेदोन वीत! म्हणजे आत्यालाही मागे टाकलं. रोबोचं काहीतरी बिनसलं असणार हे मी तत्काळ ओळखलं, पण तज्ज्ञांची अब्रू चारचौघांत काढू नये म्हणून गप्प बसलो.

आईचा मात्र विश्वास बसेना. “बघतेच मी,” म्हणून तिसऱ्या दिवशी ती हिचं अंग पुसायला आत गेली. दार बराच वेळ बंद होतं. आधी हिचं रडणं ऐकू आलं, मग आईचं समजावणं, मग चक्क दोघींचं हसणं. (घाबरल्यावर माणसं हसतात, असं मी ऐकून आहे.) बाहेर आली तेव्हा आईचा चेहरा गंभीर होता.

“फार मोठं काम झालंय रे. तू बघू नकोस, तुला झेपायचं नाही.”

“इतकं मोठं?”

“माझी तीन बाळंतपणं झाली. आठवड्याच्या आत मी पाण्याच्या बादल्या उचलत होते, आणि कुणी ‘बस गं जरा’ म्हटलं नाही. मेला एक पट्टा मिळाला असता तर...” मग एकदम माझ्यावर खेकसली, “उभा काय राहिलास? जा, भात लाव!”

मी आत डोकावलो. पट्ट्याला आधीपेक्षा दोन वेढे जास्त बसले होते. जखम चिघळत असावी.

तेव्हापासून भात मी लावतो, बादल्याही मीच उचलतो. कुकरचा चटका बसला, पण त्याला छेद नसल्यामुळे तो धरला जात नाही. मागच्या रविवारी माझी मोठी बहीण, आक्का, बघायला आली. दोघींबरोबर दार लावून बसली आणि डोळे पुसत, हसत बाहेर आली. आता तिच्याही पोटात दुखतंय. म्हणजे कित्येक वर्षं दुखतच होतं म्हणे. “मला रोबोच हवा,” म्हणते, “आणि पट्टा याच बाईंच्या हातचा.”

एकंदरीत माझं मत रोबोला अनुकूल आहे, पण सावध. यंत्र झकास, फक्त जखमा फार मोठ्या करतं.

तुमच्या घरात अजून कुणी पट्टा बांधून आलेलं नसेल, तर दोनच शक्यता आहेत. घरातल्या बायकांना काही होत नाही, किंवा जे होतं ते तुम्हाला दिसत नाही. पहिलीच धरून चाला. हे वाचेपर्यंत चहा आयता हातात आला असेल, तर ती अगदी खरी समजा. आणि कप राहू द्या तिथेच, उचलेल ती.