मेजर मंदाताईंचं मेडिकल बोर्ड

मेजर मंदाताई बिअर कशी आहे हे सांगायच्या आधी ती जिथे मिळते त्या जागेची तब्येत सांगतात. लष्करात जवानाची तब्येत ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डासारखी जागा 'फिट' असते, 'अनफिट' असते, नाहीतर 'टेंपररी अनफिट, तीन महिन्यांनी परत बोर्ड' अशी असते. चौथा प्रकार नाही. पुण्यात गच्चीवरचं एक नावाजलेलं ठिकाण आहे. तिथे टेबल मिळायला लोक आठवडाभर आधी फोन करतात. मंदाताईंनी त्या ठिकाणच्या मॅनेजरला खालच्या फाटकातूनच फोन केला आणि 'तुमी अनफिट' एवढं सांगून ठेवून दिला. रखवालदाराने त्यांना सायकल कचऱ्याच्या डब्यांशेजारी लावायला सांगितली होती.

"बिअर गच्चीवर आन सायकल उकिरड्यावर," त्या मला म्हणाल्या. "चला कदम, माघारी फिरा."

मी कदम. कराडजवळच्या मलकापुरात मंदाताईंचं आणि आमचं घर भिंतीला भिंत आहे. त्या मूळच्या वाळवा तालुक्यातल्या, ऊसवाल्यांच्या घरातल्या. त्यांच्या घरातले पुरुष परंपरेने फौजेत जायचे. यांनी परंपरा पुढे चालवली, फक्त पुरुष नव्हत्या. लष्करात नर्सिंग अधिकारी झाल्या, लडाखपासून आसामपर्यंतची मिलिटरी हॉस्पिटलं पाहिली आणि मेजर होऊन निवृत्त झाल्या. लग्नाचं विचारलं की म्हणतात, "बदल्या लय झाल्या. लगीन हाय त्या पत्त्यावर आलं आसंल, मी पुढच्या पत्त्यावर गेल्ती." इंग्रजी आणि हिंदी त्या फर्मास बोलतात, पण पेन्शन सुरू झाली त्या दिवशी गावाकडची बोली त्यांनी परत घेतली आणि आता ती सोडत नाहीत.

बिअरची आवड लष्करी मेसमधली. पिण्याचा सरकारी परवाना त्यांच्याकडे आजन्म आहे. तो त्या प्लास्टिकच्या पाकिटात, आधार कार्डाच्या वर ठेवतात. कोणी न मागताही दाखवतात. बाटलीतली बिअर त्यांना चालते, पण रुचत नाही. तिथल्या तिथे टाकीत तयार केलेली, थोडी गढूळ, दर ठिकाणी वेगळी चव असलेली बिअर पुण्यात आणि पुण्याच्या अलीकडे हायवेला मिळायला लागली, तेव्हापासून त्या मोहिमेवर आहेत. आणि मोहीम सायकलवरूनच करायची असा त्यांचा हट्ट आहे.

मी यात कसा आलो ते सांगतो. मी साखर कारखान्यात अकौंट्सला आहे आणि मला मधुमेह आहे. कारखान्याचा साखर-उतारा घसरला की आमचे सहकारी म्हणतात, राहिलेली साखर कदमांच्या रक्तात तपासा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. बायकोने ही गोष्ट भिंतीपलीकडे सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात घंटी वाजली आणि मंदाताई म्हणाल्या, "कदम, फॉल इन." मी अजून फॉल आऊट झालेलो नाही. सायकलवर असो की टेबलाशी, जो वाकलेला दिसेल त्याला त्या 'पाठ सरळ कर' म्हणतात. माझी साखर आता आटोक्यात आहे. रिपोर्ट आला की आधी त्यांना दाखवायचा, मग डॉक्टरांना, असा क्रम आहे.

तिसरे रफीकभाई. इस्लामपुरात त्यांची बेकरी आहे. टोस्ट आणि खारी घेऊन त्यांचा टेम्पो हायवेने साताऱ्याला, शिरवळला आणि पुढे पुण्यापर्यंत जातो. सायकली टेम्पोत टाकून आम्ही लांबचा टप्पा उरकतो. जागा दोनेक तासांवर राहिली की उतरतो आणि पेडल मारतो. रफीकभाई तोवर दुकानं करून येतात. थोडक्यात, उत्तम बिअरच्या शोधात हिंडणाऱ्या आमच्या पथकात माणसं तीन आणि बिअर पिणारं माणूस एक. मी बिनसाखरेचं लिंबूपाणी घेतो. रफीकभाई चहा मागवतात, त्या ठिकाणचा टोस्ट बोटाने दाबून बघतात, बाजूला सारतात आणि खिशातून स्वतःचा काढतात.

पथकाला नियम एकच. जाताना पेडल, येताना टेम्पो. पिऊन सायकल चालवायची नाही. मंदाताई एक ग्लास घेतात, तोही तासभर पुरवून, तरीही त्यानंतर हँडलला हात लावत नाहीत. हा नियम त्या इतरांनाही लावतात. पुण्याबाहेर एका ठिकाणी कॉलेजातली वाटावीत अशी चार पोरं तीन-तीन ग्लास रिचवून सायकलींकडे निघाली. मंदाताईंनी आधी समजावलं. पोरं हसली. त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि आठही चाकांची हवा सोडून परत येऊन बसल्या. पोरं भांडायला आली तेव्हा म्हणाल्या, "हातपाय मोडल्याली पोरं मी आयुष्यभर बघितली. तुमची चार नगं वाटली मला." पोरं आणि सायकली टेम्पोतून, टोस्टच्या ट्रेवर बसून घरी पोचल्या. त्यातला एक अजून दिवाळीला फोन करतो.

बिअरच्या चवीबद्दल मी लिहितो ते सगळं ऐकीव समजावं. मी चाखलेली नाही. पण मंदाताई ग्लास उजेडाला धरतात, वास घेतात आणि वेटरला विचारतात, "नळी कवा धुतली?" तेव्हा वेटरचा चेहरा मी पाहिलेला आहे. एकदा एका हौशी मालकाने त्या सांगली जिल्ह्यातल्या म्हणून मुद्दाम हळदीची बिअर आणून ठेवली. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "लगीन कुणाचं हाय?" ज्वारीची बिअर मात्र त्यांना आवडली. "ही आपली हाय," असं त्या दिवशी दोनदा म्हणाल्या.

आता त्यांचं नाव झालंय. नवीन जागा उघडली की मालक विचारतात, कराडच्या मेजर येऊन गेल्या का? आमच्या कॉलनीत सांगतात की मेजरनी सात ठिकाणी सायकलस्टँड करून घेतले. मला अतिशयोक्ती आवडत नाही, म्हणून खरं सांगतो. मी स्वतः तीन पाहिलेत. चौथा म्हणून दाखवतात तो फरशी पुसायची फडकी वाळत घालायचा पाइप आहे. पण तीन तर तीन. मलकापुरातल्या एका निवृत्त बाईंच्या शब्दावर पुण्यात लोखंडाला वेल्डिंग झालं, याचा मला अभिमान आहे आणि तो मी कारखान्यात पुरेपूर मिरवतो.

शिरवळची गोष्ट याच वर्षीची.

तिथे आतल्या रस्त्याला विशाल नावाच्या तरुणाने नवी जागा काढली. वडिलांचं जुनं परमिट रूम होतं, तिथेच याने टाक्या बसवल्या. पोरगा स्वतः सायकलवाला. मंदाताईंना त्याने तीनदा फोन केला होता. तुमचं बोर्ड झाल्याशिवाय मी बाहेर पाटी लावणार नाही, म्हणाला. आणि खरंच त्याने पाटी कोरी ठेवली होती.

आम्ही निघालो. शिरवळच्या अलीकडे चढावर माझी चेन उतरली. रफीकभाई बाजारात टोस्ट उतरवत होते. मी मंदाताईंना म्हणालो, तुम्ही व्हा पुढे. त्या एकट्या गेल्या. आजवर आम्ही कुठेही तिघं किंवा निदान दोघं शिरलो होतो. या फरकाचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

मी पोचलो आणि बघतच राहिलो. दाराला लागून पत्र्याच्या सावलीत सायकलस्टँड. शेजारी हवेचा पंप, हातपाय धुवायला नळ, पिण्याच्या पाण्याचा माठ. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. आत मात्र मंदाताई दिसेनात. पांढऱ्या मिशांचा एक वेटर मोठ्या अदबीने मला आतल्या बाजूला घेऊन गेला आणि त्याने पडदा सारला. फॅमिली रूम. त्या इमारतीतली ती सगळ्यात चांगली खोली होती. एसी होता, गादीच्या खुर्च्या होत्या, भिंतीवर धबधब्याचं चित्र होतं. सहा माणसांच्या टेबलाशी मंदाताई एकट्या बसल्या होत्या. समोर भरलेला ग्लास होता. त्याला हात लागलेला नव्हता.

तेवढ्यात टाक्यांकडून हात पुसत विशाल धावत आला.

"बोर्ड झालं," मंदाताई म्हणाल्या. "अनफिट."

त्याचा चेहरा उतरला. "काय राहिलं, मॅडम?"

"स्टँड लांब हाय."

स्टँड दाराला लागून होता. मी तिथूनच आलो होतो. मला चुकीचा आकडा आणि चुकीचा शेरा सहन होत नाही, तो कोणाचाही असो. मी म्हणालो, "मेजर, स्टँड दारातच आहे."

"मग ऊन लागतंय सायकलीला."

"वर पत्रा आहे."

"पत्रा तापतोय."

त्या उठल्या, पडदा सारून बाहेर पडल्या. तोवर रफीकभाईंचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. त्या जाऊन त्याच्या केबिनमध्ये बसल्या. मी मागोमाग गेलो. आठ चाकांची हवा सोडणारी बाई एका पडद्यापुढे गप्प बसते, हे मला उलगडत नव्हतं.

रफीकभाईंनी इंजिन बंद केलं. त्यांचा धंदा दुकानोदुकानी फिरायचा, माणसाचं तोंड बघून ओळखायची सवय. त्यांनी बिअरचं विचारलंच नाही.

"कुठं बसवलं व्हतं, ताई?"

"फॅमिली रूममधी."

"आवं, मग चांगलंच की. एसी असतोय तितं."

"असतोय. समोर पाच मोकळ्या खुर्च्या बी असत्यात." त्या काचेतून समोर बघत म्हणाल्या, "घरी फ्रिजमधी बाटली हाय, रफीक. नुसत्या बिअरसाठी कोण एवढं पेडल मारतंय? मेसमधी मानसं असायची. कोण गानं म्हनायचं, कोण बदलीचं रडायचं. आपन काय बोलायचं बी न्हाई, नुस्तं त्यात बसायचं. तेवढ्यासाठी जाते मी. तुमी दोघं संगं असला की भाईर बसवत्यात. एकटी दिसले की लगीच पडदा. मानानं बसवत्यात, म्हनून भांडता बी येत न्हाई."

मी तसाच माघारी गेलो आणि विशालला जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मला गोष्टी फिरवून सांगता येत नाहीत. तो पांढऱ्या मिशांचा वेटर शेजारीच उभा होता. तो फार ओशाळला. बाईमाणूस एकटं, वयस्कर, बाहेर चार गडी पिऊन मोठ्याने बोलणार, म्हणून मानाची जागा दिली, असं सांगत राहिला. त्याचंही खोटं नव्हतं. विशाल स्टँडकडे वळला.

"माझ्या आईला मी कुठं घेऊन गेलो तरी तितंच बसवत्यात," तो म्हणाला. "तिनं कधी काय म्हटलं न्हाई. मी बी कधी विचारलं न्हाई."

मग तो टेम्पोपाशी गेला आणि काचेवर टकटक केली.

"मेजर, आमची पोरं जेवायला बसल्यात मागं. पिठलं-भाकरी हाय. एसी न्हाई. जागा बी जरा दाटीनं होईल."

मंदाताईंनी काच खाली केली. "भाकरी कशाची?"

"ज्वारीची."

त्या उतरल्या.

मागच्या अंगणात चिंचेखाली लांब लाकडी टेबल होतं. दोन्ही बाजूंना बाकडी. टाक्या धुणारी, भांडी घासणारी, वाढणारी सगळी मंडळी खांद्याला खांदा लावून जेवत होती. मंदाताई त्यांच्यात शिरल्या. एका बाजूला पांढऱ्या मिशा, दुसऱ्या बाजूला गमबूट घातलेली टाकीवाली पोरगी. कोणीतरी त्यांचा ग्लास आणून ठेवला. एकाची बायको माहेराहून यायला तयार नव्हती, एकाचा भाऊ भरतीच्या धावण्यात थोडक्यात मागे पडला होता, आणि पिठल्यात मीठ कमी आहे की जास्त यावर टेबलाचे दोन तट होते. मंदाताई ऐकत होत्या. एकालाही त्यांनी पाठ सरळ कर म्हटलं नाही. ग्लासातली बिअर हळूहळू खाली येत होती. रफीकभाईंनी टोस्टचा एक ट्रे टेबलावर ठेवला आणि तेही दाटीत बसले. मला गमबूटवाल्या पोरीपलीकडे बाकड्याचं टोक मिळालं. माझा अर्धा भाग हवेत होता.

पांढऱ्या मिशांच्या वेटरला काहीतरी बोलून भरपाई करायची होती. त्याने मंदाताईंच्या ताटात मिरचीचा ठेचा वाढला आणि विचारलं, "मावशी, घरी कोन कोन असतं?"

हा प्रश्न त्यांना सगळीकडे विचारतात आणि उत्तर आम्हाला पाठ आहे. 'मी आन माझी पेन्शन,' असं त्या म्हणतात. लोक हसतात आणि विषय तिथेच संपतो. मी ते ऐकायच्या तयारीने भाकरी मोडली.

मंदाताईंनी तोंडातला घास संपवला. हातातल्या भाकरीच्या तुकड्याने त्यांनी आधी रफीकभाईंकडे आणि मग माझ्याकडे बोट केल्यासारखं केलं.

"ही दोघं असत्यात," त्या म्हणाल्या. "एक टोस्टवाला, एक शुगरवाला."

टेबलावरचं कोणी हसलं नाही. त्यात हसण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नाही. गमबूटवाल्या पोरीने नुसती मान हलवली आणि मी नीट बसावं म्हणून ती थोडी आत सरकली. रफीकभाई बराच वेळ चहात टोस्ट बुडवून तसाच धरून राहिले, तो अर्धा तुटून आत पडला तरी. मी मात्र बाकड्यावर पुरता बसलो, आणि कोणी न सांगता पाठ सरळ केली.