वाऱ्याचं मुसकं

"वारं आलं रे, बद्री! चढ!" पुंजाराम अंगणातून ओरडला आणि बद्रीनाथ जेवणावरून उठला.

"अहो, हात तरी धुवा," सोनूबाई म्हणाली.

"हात धुवोस्तोर वाट्या मोडतील!" बैलाचं मुसकं खांद्यावर टाकून तो टेकडीवरच्या मनोऱ्याकडे पळाला.

ऐंशी फुटांचा हा लोखंडी मनोरा १९९८ सालच्या पोळ्यानंतर धावड्याच्या वरच्या वस्तीवर उभा राहिला. वर तीन वाट्यांचं यंत्र गरगरत होतं. वर्षभर वारा मोजायचा, सरासरी बसली तर पवनचक्क्या उभ्या करायच्या, आणि ज्या कंपनीला चक्क्या मिळतील तिनेच वर रस्ता करायचा, असं सरकारी धोरण होतं. वस्तीवर अठरा घरं. धावड्याला जायला दीड तासाची पायवाट. आदल्या साली पुंजारामच्या बायकोला, साळूबाईला, बाजेवर घालून खाली नेलं होतं. ती दवाखान्यापर्यंत पोचली नाही. चक्क्यांचं वस्तीला काही पडलं नव्हतं, रस्त्याचं होतं.

मनोरा बद्रीनाथच्या शेतात, म्हणून राखणही त्याच्याकडे. ऊर्जा खात्याचे जोगदंडसाहेब जाताना म्हणाले होते, "काका, वाट्या फार नाजूक आहेत. बाहेरदेशाहून आणल्यात. मोडल्या तर तुमचं वर्ष वाया. जिवापाड जपा."

बद्रीनाथने जपल्या. मळणीत बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला बांधतात ते सुतळीचं मुसकं वाट्यांवर बरोबर बसतं, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं. जोराचा वारा येणार असला की चढायचं, मुसकं आवळायचं. वारा पडला की सोडायचं. वारा कधी उठणार हे साठ वर्षं खळ्यावर उफणणी केलेला पुंजाराम अचूक सांगे. दर महिन्याला खात्याचा माणूस यंत्रातली नोंद काढून न्यायला येई. तो वारा पडलेला पाहूनच येई, त्यामुळे मुसकं त्याच्या नजरेला कधी पडलं नाही.

वर्ष भरलं. जोगदंडसाहेब कागदांचं भेंडोळं घेऊन धापा टाकत वर आले. सरपंच काकासाहेबांसकट सगळी वस्ती जमली.

"बसली का सरासरी?" काकासाहेबांनी विचारलं.

"थोडक्यात हुकली. पण तुमचा वारा मोठा विचित्र आहे. ताशी वीस किलोमीटरपर्यंत चढतो अन् एकदम शून्य. दोन-तीन तास शून्यच. वर्षभरात एकसुद्धा वादळ नाही."

"वादळ न्हाई?" पुंजाराम म्हणाला. "वैशाखात शाळंच्या छपराचे पत्रे उडून पार खालच्या नाल्यात गेल्ते!"

"त्या दिवशी कागदावर वारा शून्य आहे."

"असणारच की, साहेब," बद्रीनाथ छाती पुढे काढून म्हणाला. "जोराचं वारं सुटलं की मी वाट्यांना मुसकं बांधून राह्यलो ना! सव्वाशे वेळा चढलो आसंन. एका वाटीला चरा पडू दिला न्हाई. बिलकुल."

जोगदंडसाहेब खाली मातीतच बसले. त्यांच्या तोंडाकडे बघता बघता बद्रीनाथची छाती जागेवर आली.

"मंग पुन्यांदा मोजा," सोनूबाई घाईने म्हणाली. "आता न्हाई बांधणार ते."

"मनोरा उद्या कोकणात जातोय, ताई. वरून हुकूम आहे. आता समुद्रावरचा वारा मोजायचा. पुढंमागं चक्क्या समुद्रातच उभ्या करायच्या म्हणतात."

"समुद्रात कोन ऱ्हातं?" पुंजारामने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग तिथं कोनाला पायजे रस्ता?"

साहेबांनी पेन काढलं. त्यांच्या अहवालाच्या फॉर्मात मुसक्याचा रकाना नव्हता, आणि असता तरी त्यांनी तो भरला नसता. 'वारा अपुरा, यंत्राची स्थिती उत्कृष्ट' एवढं लिहून ते उतरले. वर गाडी येत नसल्याने दुसऱ्या दिवशी मनोऱ्याचे तुकडे वस्तीनेच खांद्यावरून खाली पोचवले. पुढून पहिला खांदा बद्रीनाथचा होता. वाटभर त्याच्याशी कोणी बोललं नाही. कोणी काही बोललं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

चार महिन्यांनी मुख्य कचेरीचं पत्र आलं. दहावीतल्या सत्यशीलेने ते वडिलांना वाचून दाखवलं. कोकणातल्या केंद्रावर पहिल्याच वादळात वाट्या मोडल्या होत्या. 'आपल्या केंद्रावरील यंत्र वर्षभर अभंग राहिले, याबद्दल अभिनंदन. आपली राखणीची पद्धत सविस्तर कळवावी. किनाऱ्यावरील सर्व केंद्रांना ती लागू करण्याचा विचार आहे.'

सोनूबाईचे डोळे चमकले. "कळवा ना मंग! बांधू द्या त्यांनाबी. तिथलंबी वारं कमी भरलं की मनोरा येतो का न्हाई बघा माघारी."

बद्रीनाथने पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाला, "सत्ये, लिही. जोराचं वारं सुटलं की काहीच करू नका. वाट्या मोडल्या तर मोडू द्या."

"एवढंच, बाबा?"

"एवढंच."

"येडे हायत तुमी," सोनूबाई म्हणाली, पण पाकीट चिकटवायला भाताची शितं तिनेच आणून दिली. पत्र टाकायला बद्रीनाथ पायवाटेने धावड्याला निघाला. दीड तास जायला, दोन तास यायला.