शिंकेले टाळी

आमच्या मनीषनगरच्या गल्लीत कोणी शिंकलं की शेजारची पंडे मॅडम टाळी वाजवते. "शाब्बास! चौकीदार जागा आहे!" नवीन माणूस दचकून पुन्हा शिंकते, मग दुसरी टाळी.

मॅडम जनावरांच्या रोगाच्या लॅबमधून रिटायर झाली. लग्न केलं नाही. शेंबडाले नावं ठेवलेली तिले चालत नाही. म्हणे, तो आपला पहिला चौकीदार. त्याले चुकवून जंतू आत घुसला, तर ज्या पेशीत घुसला ती मरता मरता शिट्टी मारते, अन् शेजारच्या पेशी दारं लावून घेतात. "पण पक्ष्यांचा फ्लू लई बदमाश, काका! आल्याबरोबर शिट्टीच दाबून धरते."

मी नुसतं ऐकत असे. चवथी शिकलो, पण कोंबड्या साठ वर्षं पाळल्या. मले कोण शिकवते?

यंदाच्या हिवाळ्यात माझ्या तीन कोंबड्या एका दिवसात पटापट मेल्या. चौथी मान टाकून बसली. आमच्यात अशी कोंबडी मरायच्या आधी कापून रस्सा करतात. वाया काहून जाऊ द्यायची? मी सुरी घेऊन बसलो, तर मॅडम कंपाउंडवरून ओरडली, "काका, सुरी खाली ठेवा! हात लावू नका तिले!" अन् फोन करून सरकारी माणसं बोलावली. पक्ष्यांचा फ्लूच निघाला. त्या माणसांनी माझ्या उरलेल्या साऱ्या कोंबड्या मारून पुरल्या. मी मॅडमशी बोलणं सोडलं.

तिसऱ्या दिवशी मले ताप भरला. पोरगा कोराडीच्या वीजकेंद्रात ड्युटीवर. मॅडम मास्क लावून दारात उभी.

"दवाखान्यात चला."

"काहून? ताप आला म्हणजे जंतू भाजून राहिले. दोन गोधड्या घेतो, घाम काढतो, साफ!"

"माणसांच्या फ्लूले ते चालते, काका. पण कोंबडी हातात घेतली की गरम लागते का नाही?"

"लागते."

"मग? तिचं अंग तुमच्या तापाहून गरम. त्या भट्टीत वाढलेला जंतू तुमच्या तापाले काय भिईन?"

साठ वर्षं ती गरमी याच हातांनी पाहिली होती. मी चप्पल घातली.

दवाखान्यात मले वेगळ्या खोलीत ठेवलं, नाकात काडी घालून तपासलं. दोन दिवस काचेतून पाहावं तर मॅडम बाहेर बाकड्यावर. मग रिपोर्ट आला. साधा, माणसांचाच फ्लू.

"पाहा! मी म्हणत नव्हतो?" मी आतूनच ओरडलो.

ती तोंड वळवून लई वेळ चष्मा पुसत राहिली.

सुट्टी झाली तेव्हा नर्सनं कागद हाती दिला. मी एकेक अक्षर जोडत वाचला. सोबत कोण, तिथं मॅडमचं नाव होतं. अन् पुढं, नात्याच्या जागी, तिच्याच अक्षरात लिहिलेलं: मुलगी.

"बाबा, सगळं बरोबर आहे ना?" नर्सनं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं, अन् खाली सही केली. पूर्ण नाव, माझ्या वेगळ्या आडनावासकट.